बॅकयार्डात पीच लावायचंय? जानेवारीपेक्षा मार्चला घाबरा

२०२३ साली अमेरिकेत पीचचं पीक दोन ठिकाणी बुडालं, आणि दोन्हीकडे कारणं अगदी उलटी होती. फेब्रुवारीच्या ३-४ तारखेला न्यू इंग्लंडमध्ये पारा एका रात्रीत कोसळला, बॉस्टनला उणे १० फॅरनहाइटपर्यंत गेला, आणि त्या भागातल्या बऱ्याच बागांत उन्हाळ्यात पीच दिसलंच नाही. झाडं जिवंत होती, पानं आली, वाढ झाली. फक्त फुलांच्या कळ्या त्या रात्रीच मेल्या होत्या. तिकडे जॉर्जियात हिवाळा कोमट गेला, झाडं घाईनं फुलली, मार्चमध्ये गोठण आली आणि ९० टक्क्यांहून जास्त पीक गेलं.

शिकागो, डेट्रॉइट, मिनिॲपोलिस, बॉस्टन किंवा टोरांटोच्या आसपास घर असेल आणि मागच्या अंगणात पीच लावायचं मनात असेल, तर झाड निवडताना या दोन्ही गोष्टी डोळ्यांपुढे ठेवाव्या लागतात. नर्सरीच्या चिठ्ठीवर ‘झोन ५ ते ८’ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एवढाच की झोन ५च्या हिवाळ्यात झाडाचं लाकूड सहसा मरणार नाही. फळ लागेल की नाही, त्याबद्दल ती चिठ्ठी काही बोलत नाही.

आधी आपल्या घरची थंडी मोजा

अमेरिकेच्या कृषी खात्याचा झोनचा नकाशा २०२३ मध्ये सुधारला गेला. पिन कोड टाकला की झोन कळतो. झोन ६ म्हणजे वर्षातल्या सर्वांत थंड रात्रीचं सरासरी तापमान उणे १० ते शून्य फॅरनहाइट, झोन ५ म्हणजे उणे २० ते उणे १०, झोन ४ म्हणजे उणे ३० ते उणे २०. प्रत्येक झोनचे ए आणि बी असे दोन भाग, ५-५ अंशांचे. कॅनडाचा स्वतःचा नकाशा वेगळ्या हिशोबानं बनतो, त्यात पाऊस, वारा, बर्फही धरतात. त्यामुळे ओंटारिओत राहणाऱ्यांनी अमेरिकन नर्सरीचा झोन आपल्या झोनशी थेट जुळवू नये, किमान तापमानच पाहावं.

पण ‘सरासरी’ हा शब्द नीट वाचा. शिकागोच्या ओहेअर विमानतळावर ३० जानेवारी २०१९ला पारा उणे २३ फॅरनहाइट होता, म्हणजे उणे ३१ सेल्सिअस. नकाशा काही म्हणो, पीचचं झाड १०-१५ वर्षं जगतं आणि तेवढ्या काळात अशी एखादी रात्र येणारच. म्हणून झाड आपल्या झोनपेक्षा अर्ध्या झोननं तरी जास्त काटक घ्यावं.

आता पीचच्या बाजूनं हिशोब. पूर्ण झोपलेल्या झाडाच्या फुलकळ्या साधारण उणे १० ते उणे १५ फॅरनहाइटच्या (उणे २३ ते उणे २६ सेल्सिअस) दरम्यान मरायला लागतात, जात किती काटक आहे आणि आधीचे आठ-दहा दिवस कसे गेले त्यावर मागेपुढे. उणे २५च्या आसपास लाकूडच धोक्यात येतं. सलग थंडीत मुरलेलं झाड बरंच सोसतं. जानेवारीत चार दिवस ऊन पडून ५० अंश झाले आणि मागोमाग उणे ८ आलं, तर तेच झाड मार खातं.

‘थंडीचे तास’ आणि काटकपणा, या दोन वेगळ्या गोष्टी

कॅटलॉगमध्ये प्रत्येक जातीपुढे एक आकडा असतो: ८५०, ९५०, १०५०. झाडाची झोप पुरी व्हायला ३२ ते ४५ फॅरनहाइटमधले इतके तास लागतात, असा त्याचा अर्थ. हा आकडा मोठा म्हणजे झाड काटक, असं बरेच जण धरून चालतात. ते खरं नाही. एल्बर्टा ही जुनी नावाजलेली जात ८५०च्या आसपास तास मागते, तरी तिच्या कळ्या नाजूकच.

तरीही थंड मुलखात हा आकडा बघावा, पण वेगळ्या कारणासाठी. तास भरले की झाड फक्त उबेची वाट बघत बसतं. ४००-५०० तासांवर भागणारी जात नव्या वर्षाच्या आसपासच झोप पुरी करते. मग फेब्रुवारीत जरा उबारा आला की तिचे डोळे, म्हणजे कळ्या, फुगतात आणि मार्च तिला खातो. पंजाबच्या सपाटीवर पीच पिकतं ते अशाच कमी तासांच्या जातींमुळे. तिथे त्या बरोबर आहेत, मिशिगनमध्ये नाहीत. उत्तरेकडे ८५०च्या खालची जात घेऊच नये.

कळी जशी फुगत जाते तशी तिची सोसण्याची ताकद कमी होते. किती वेगानं, ते पाहा. अर्धा तास तेवढं तापमान राहिलं तर काय होतं याचे हे आकडे फळबागवाले वापरतात:

कळी नुकती फुगलेली: १८ फॅरनहाइटला दहात एक मरते, १ अंशाला दहात नऊ.
गुलाबी टोक दिसू लागलं: २५ला दहात एक, १५ला नऊ.
पूर्ण बहर: २७ला दहात एक, २४ला नऊ.
फुलं गळून गाठ धरली: २८ला एक, २५ला नऊ.

बहरात असताना दहातली एक कळी मरणं आणि दहातल्या नऊ मरणं यांत फरक फक्त ३ अंशांचा. म्हणून चार-सहा दिवस उशिरा फुलणारी जात कागदावर किरकोळ वाटते, अंगणात तिनं पीक वाचतं.

दिलासा एवढाच की पीच कळ्या उधळून धरतं. दहातल्या एक-दोन जगल्या तरी झाड भरतं, कारण एरवीही पुढे बरीच फळं काढून टाकावीच लागतात.

कोणती जात

आमचा साधा सल्ला: झोन ५बी किंवा ६ए असेल तर कंटेंडर. नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीची ही जात, थंडीचे तास १०५०. दक्षिणेकडची जात उत्तरेत कशी काय, असं वाटेल. पण तिथल्या बागांचं जुनं दुखणं म्हणजे वसंतातली गोठण, आणि पैदास त्याच दुखण्यावर झाली. कळ्या काटक, बॅक्टेरियल स्पॉट या रोगाला बऱ्यापैकी दाद न देणारी, गर पिवळा, कोय सुटी, चव खरोखर चांगली. तिथलीच इंट्रेपिड ही जात बहरातली गोठण सोसण्यासाठी नावाजलेली आहे. मिळाली तर घ्यायला हरकत नाही.

रिलायन्स हे नाव सगळ्यात जास्त ऐकू येतं. न्यू हॅम्पशरमध्ये एल्विन मीडर यांनी तयार केलेली ही जात १९६४ साली बाहेर आली. उणे २५ फॅरनहाइट सोसून पुढच्या उन्हाळ्यात फळ देते अशी तिची ख्याती, आणि ती बऱ्याच अंशी खरी आहे. पण फळ मऊ, रंग बेताचा, चव ठीकठाक. विरळणी, म्हणजे जादा कोवळी फळं तोडणं, नीट केली नाही तर फळ लिंबाएवढंच राहतं. झोन ५ए किंवा त्याहून थंड जागा असेल तरच रिलायन्स. झोन ६मध्ये ती लावणं म्हणजे हापूस मिळत असताना रायवळावर समाधान मानणं.

रेडहेवन ही सगळ्यांची मोजपट्टी. मिशिगनच्या साउथ हेवनमधल्या प्रयोगकेंद्रात स्टॅन्ली जॉन्स्टन यांनी तयार केलेली, १९४० सालची. इतर जातींचं पिकणं कॅटलॉगमध्ये हिच्यापासून मोजतात: ‘+८’ म्हणजे रेडहेवननंतर आठ दिवसांनी. चव उत्तम, कळ्याही बऱ्या काटक, पण झोन ५मध्ये दर काही वर्षांनी दगा देणार. झोन ६बीपासून पुढे बिनधास्त. डेट्रॉइट आणि टोरांटोकडच्या बऱ्याच घरांना हीच पुरते. पूर्ण पिकल्याशिवाय कोय सुटत नाही, मुरांबा करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

ओंटारिओतल्या संशोधन केंद्रांच्या जाती अमेरिकेत फारशा चर्चेत नसतात, पण चांगल्या आहेत. व्हाइनलंडची व्हेटरन जुनी, काटक, साल सहज सुटणारी, बाटल्या भरून ठेवायला सोयीची. हॅरोची हॅरो डायमंड रेडहेवनच्याही आधी पिकते.

घेऊ नये असं: एल्बर्टा (मोठ्या दुकानांत नावावर खपते), जे. एच. हेल (पीचच्या बहुतेक जाती एकट्यानं फळ धरतात, हिला मात्र दुसरं झाड लागतं), आणि बोनान्झासारखी कुंडीतली बुटकी ‘पॅटिओ’ पीचं. ही दिसायला गोड, पण थंडीचे तास फार थोडे, आणि कुंडीतली मुळं चारी बाजूंनी गोठतात. गरम न केलेल्या गॅरेजमध्ये हिवाळाभर ठेवायची तयारी असेल तरच हा उद्योग करावा.

झोन ४मध्ये पीच म्हणजे जुगार. तिथे त्याच खड्ड्यात नॉर्थ स्टार ही मिनेसोटाची आंबट चेरी लावली तर दरवर्षी मुरांबा होईल. आणि दुकानातल्या पीचची कोय पेरून झाड वाढवायचा विचार असेल तर ती कोय जवळच्या बागेतल्या फळाची असू द्या. दुकानातलं फळ बहुधा कुठल्या तरी गरम राज्यातून आलेलं असतं.

खुंट कोणता, हे विचाराच

खुंट म्हणजे ज्या मुळाच्या झाडावर जातीचं कलम बांधतात ते. द्राक्षाला डॉगरिज खुंट का वापरतात हे नाशिक-सांगलीकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. पीचलाही खुंट तितकाच महत्त्वाचा, आणि नर्सरीवाले तो बहुधा आपणहून सांगत नाहीत. ऑर्डर देताना विचारा. बेली हा थंडीला चांगला. लव्हेल आणि हॅलफोर्ड सर्रास मिळतात, झोन ५-६ला चालतात. क्रिम्स्क ८६ काटक आहे. सायबेरियन सी नावावरून सर्वांत काटक वाटतो आणि सलग थंडीत तो आहेही, पण हिवाळ्यात अधूनमधून उबारा येणाऱ्या ठिकाणी तो लवकर जागा होतो. नेमागार्ड दक्षिणेसाठी, तो नको. ‘सेमी-ड्वार्फ’ या शब्दाला फार किंमत देऊ नका. पीचचं झाड छाटणीनंच आटोक्यात राहतं.

झाड एक वर्षाचं, उघड्या मुळांचं घ्यावं. खोड अंगठ्याएवढं, म्हणजे अर्धा ते पाऊण इंच जाड. दीड इंच खोडाचं, फांद्या फुटलेलं, कुंडीतलं मोठं झाड दुप्पट पैशांना मिळतं आणि दोन वर्षांत लहान झाड त्याला गाठतं. चांगल्या जाती-खुंटाच्या जोड्या जानेवारी-फेब्रुवारीतच संपतात, म्हणून दिवाळी ते नाताळदरम्यान ऑर्डर द्यावी आणि झाड एप्रिलमध्ये मागवावं. थंड मुलखात पीच शरदात लावू नये. मुळं धरायच्या आत जमीन गोठते.

जागा

इथे बहुतेकांची चूक होते ती अशी: थंडी आहे ना, मग घराच्या दक्षिण भिंतीला लावू, ऊब मिळेल. ऊब मिळते, म्हणूनच झाड आठवडाभर आधी फुलतं आणि गोठणीत सापडतं. उत्तरेकडे किंचित उताराची, पण एप्रिलपासून दिवसाचे किमान आठ तास ऊन मिळणारी मोकळी जागा उत्तम. मिशिगनच्या पश्चिम किनाऱ्यावर आणि नायगाराच्या पट्ट्यात पीच पिकतं तेही याच कारणानं: तळ्याचं थंड पाणी वसंत लांबवतं आणि फुलं उशिरा येतात.

थंड हवा पाण्यासारखी खाली वाहते आणि अडेल तिथे साठते. अंगणाच्या खालच्या टोकाला फळ्यांचं बंद कुंपण असेल तर त्याच्या आतला कोपरा म्हणजे थंड हवेचं डबकं. तिथे नको.

निचरा त्याहून महत्त्वाचा. पीचची मुळं पाण्यात उभी राहिली तर झाड थंडीनं नाही, त्यानंच मरतं. एक फूट रुंद, एक फूट खोल खड्डा करा, पाण्यानं भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी तीन-चार तासांत उतरलं तर ठीक. दुसऱ्या दिवशीही थोडं उरलं असेल तर आठ-दहा इंच उंच, पाच-सहा फूट रुंद मातीचा वरंबा करून त्यावर लावा. मातीचा सामू (पीएच) ६ ते ६.५. जिथे आधीचं पीच किंवा चेरी मेलं तिथेच नवं लावू नका.

लावणी, आणि हात न थरथरता पहिली छाटणी

पेटी आली की मुळं बादलीभर पाण्यात एक-दोन तास भिजवा. रात्रभर नको. खड्डा मुळं पसरतील एवढाच रुंद. कलमाचा जोड, म्हणजे खोडावर जिथे किंचित बाक दिसतो तो भाग, जमिनीच्या दोन-तीन इंच वर राहिला पाहिजे. खड्ड्यात खत घालू नका, काढलेली मातीच परत भरा आणि एक बादली पाणी द्या. दहा दिवसांनी १०-१०-१० खत (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं) पाव किलोच्या आसपास, खोडापासून दीड फूट लांब गोल पसरून. जुलैनंतर नत्र बंद. उशिरा दिलेल्या खतानं कोवळी वाढ होते आणि ती हिवाळ्यात जळते.

मग खोड जमिनीपासून २८-३० इंचांवर कापा. पाच फुटांची काठी विकत घेऊन निम्मी कापायला जीव होत नाही, पण न कापलेलं झाड शेंड्याकडे धावतं आणि खाली फांद्या येत नाहीत. उन्हाळ्यात त्यातल्या चारी दिशांना गेलेल्या, रुंद कोनाच्या तीन-चार फांद्या ठेवा, मधला भाग वाडग्यासारखा मोकळा.

पुढच्या वर्षांत एक गोष्ट सफरचंदापेक्षा उलटी करायची: छाटणी हिवाळ्यात करायची नाही. थंडीत केलेल्या जखमांतून कँकरची बुरशी शिरते, खोडातून डिंक वाहू लागतो आणि फांद्या एकेक करून वाळतात. बहर ते फुलगळ या काळात, कोरड्या दिवशी छाटा. तोवर कुठल्या कळ्या जगल्या तेही दिसलेलं असतं. फळ मागच्या वर्षीच्या काडीवर येतं, म्हणून दरवर्षी फूट-दीड फूट नवी काडी निघेल इतकी छाटणी हवी.

नोव्हेंबरात खोडाला पहिल्या फांद्यांपर्यंत पांढरा लॅटेक्स रंग, निम्मं पाणी घालून, फासावा. आतल्या भिंतींना लावायचा साधा रंग, ऑइल पेंट नाही. बर्फावरून उन्हाची तिरीप येते, नैर्ऋत्येकडची साल दुपारी तापते आणि सूर्य मावळताच गोठून उभी फाटते. पांढऱ्या रंगानं ते टळतं. तळाशी सशांसाठी जाळी, बर्फाच्या थराच्याही वर येईल एवढी.

पानं मुरडून लाल-जाड होणारा रोग इथे हटकून येतो. त्यावर ताम्रयुक्त बुरशीनाशक, आपल्याकडच्या बोर्डो मिश्रणाचीच जातकुळी, पानगळ झाल्यावर किंवा डोळे फुगायच्या आत. पानं मुरडलेली दिसल्यावर फवारून उपयोग शून्य.

कळ्या मेल्या की जगल्या?

कडाक्याची रात्र गेली की दोन-तीन दिवसांनी वेगवेगळ्या उंचीवरच्या चार-पाच काड्या कापून आणा आणि पाण्यात घालून घरात एक दिवस ठेवा. काडीवर जागोजाग तीन कळ्या एकत्र दिसतील: मधली बारीक, टोकदार, ती पानाची. दोन्ही बाजूंच्या गुबगुबीत, लव असलेल्या, त्या फुलाच्या. दाढीच्या नव्या पात्यानं फुलकळी आडवी, वरच्या तिसऱ्या हिश्श्यात कापा, नेलकटरनं चेंगरू नका. मधोमध टाचणीच्या टोकाएवढा ठिपका असतो. हिरवट-पांढरा असेल तर जिवंत, तपकिरी किंवा काळा असेल तर मेलेली. भोवतालची पापुद्र्यांची वर्तुळं दोन्हींत हिरवीच दिसतात, त्यांना फसू नका. ५० कळ्या कापल्यात आणि दहाही जिवंत निघाल्या तर पीक आहे.

निम्म्याहून जास्त मेल्या असतील तर त्या वर्षी छाटणी हलकी, खतही निम्मं. फळांचं ओझं नसलेलं झाड नुसतं पानावर जातं.

बहरात गोठणीचा इशारा आला तर दुपारीच झाडाखालची जमीन ओली करा आणि तिथलं आच्छादन बाजूला सारा. उघडी ओली माती दिवसा तापते आणि रात्रभर ऊब सोडते. सूर्यास्ताआधी जुन्या चादरी झाडावर घाला, कडा जमिनीला टेकलेल्या हव्यात, खोडाला गुंडाळून पोत्यासारख्या बांधलेल्या नकोत, कारण ऊब जमिनीतून येते. आत नाताळच्या जुन्या, गरम होणाऱ्या बल्बांची माळ सोडली तर आणखी दोन-तीन अंश मिळतात. एलईडीची माळ फक्त चमकते. सकाळी पारा ३२च्या वर गेला की चादरी काढा, मधमाश्यांना येऊ द्या.

सगळं जमून आलं तर जूनच्या सुरुवातीला झाड सुपारीपेक्षा थोड्या मोठ्या फळांनी लगडलेलं असेल. कोय टणक व्हायच्या आत, फुलोऱ्यानंतर चार ते सहा आठवड्यांत, दर सहा-आठ इंचांवर एक फळ ठेवून बाकीची तोडून टाका. घरातल्या मोठ्या माणसांना हे बघवत नाही. त्यांना त्या दुपारी घरातच बसवावं.